आभाळाचं गाऱ्हाणं

भिकातात्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, आत आले आणि मी खुर्ची पुढे केली तरी बसले नाहीत. काचेपलीकडे अजय ड्रम बडवत होता. पहिल्यांदा स्टुडिओत आलेला माणूस भिंतीवरचा फोम चाचपतो, मिक्सरची बटणं बघून तोंडाचा आ करतो. तात्यांनी इकडेतिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"दत्तू, ती मोबायलातली रेकार्ड तुझ्याकडे आसा मा?"

मी म्हटलं, आहे.

"माका आधी ती आयकव. पयल्यापासून शेवटाक. मगे काय म्हणाचा ता बघूया."

प्राजक्ताने माझ्याकडे पाहिलं. तात्यांना बोलावलं होतं ते एका वेगळ्याच कामासाठी, आणि तेही माझ्याच डोक्यातून निघालेलं.

कुडाळला एमआयडीसीच्या कडेला बंद पडलेल्या काजू फॅक्टरीचं एक गोदाम आहे, तिथे माझा स्टुडिओ. भिंती जाड, त्यामुळे बाहेरचा आवाज आत येत नाही आणि आतला बाहेर जात नाही. भजनं, दशावतारी नाटकं, जत्रेच्या रिक्षांवर वाजणाऱ्या जाहिराती, निवडणूक असली की दोन्ही पक्षांचा प्रचार, असं जे येईल ते मी रेकॉर्ड करतो. 'सडा' हा प्राजक्ताचा बँड, ड्रमवर अजय, माझ्याकडे आला तो दुसरं कुणी त्यांना दारात उभं करीना म्हणून. हेवी मेटल. राक्षसांच्या आरोळ्या रेकॉर्ड करून माझे केस पिकायला लागलेत, तरी या पोरीने पहिल्यांदा माइकसमोर गळा लावला तेव्हा मी पाण्याचा तांब्या घेऊन आत धावलो होतो. दिवसा ती एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. सुई टोचलेली कळतही नाही, असं तिच्याकडे जाणारे सांगतात. लोकांना दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत हे पटत नाही. मलाही पटायला वेळ लागला.

चंदन तिचा मोठा भाऊ. मालवाहू बोटीच्या इंजिनरूममध्ये ऑइलर होता. हे संगीत त्यांच्या घरात आणलं त्यानेच. इंजिनरूममध्ये जे चोवीस तास कानांवर आदळतं त्यात एकदा ताल सापडला की माणसाला दुसरी गाणी पिळपिळीत वाटतात, असं तो सांगायचा. दीड वर्षापूर्वी त्याची बोट एका परक्या समुद्रातून जात होती, तिथे कुणाचं तरी युद्ध चालू होतं. वरून ड्रोन आला आणि बोटीच्या मागच्या भागावर पडला. बोट कुणाची, माल कुणाचा, ड्रोन कुणाचा, सगळं टीव्हीवर नकाशे काढून समजावलं. मला अजून नीट कळलेलं नाही. चंदन या दोन्ही बाजूंच्या एकाही माणसाला ओळखत नव्हता. तो पेटीतून आला. गोव्याच्या विमानतळावरून येताना इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर गाडी थांबवली, पोलिसाने आत पेटी पाहिली आणि कागद न बघताच टोपी काढून उभा राहिला, एवढं प्राजक्ताला आठवतं. बाकी काही आठवत नाही.

मग कंपनीचं पत्र आलं. त्यात 'दुर्दैवी घटना' हे शब्द तीनदा होते. युद्ध हा शब्द एकदाही नव्हता. प्राजक्ताने त्या पत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गाणं लिहिलं, नाव 'दुसऱ्याची लढाय'. ध्रुवपदात शब्द एकच, लढाय. तो ती सोळा वेळा ओरडते. सोळाव्या वेळेला माझ्या मिक्सरवरचे सगळे दिवे लाल होतात, आणि मी एरवी कुणालाही आवाज खाली आणायला लावतो, पण तिला कधी सांगितलं नाही.

गाण्याची सुरुवात मात्र ओरडण्याने नाही, गाऱ्हाण्याने होते. आमचं गाव मालवण तालुक्यातलं. गावातला कुणीही बोटीवर निघाला की आधी रवळनाथाच्या देवळात उभा राहतो. भिकातात्या देवाला गाऱ्हाणं घालतात. हा अमक्याचा मुलगा, अमक्या ठिकाणी चालला आहे, याला यापासून सांभाळ, त्यापासून सांभाळ, असं एकेक. प्रत्येक मागणं झालं की तात्या थांबतात आणि जमलेले सगळे म्हणतात, "व्हय म्हाराजा." तात्या वीज मंडळातले निवृत्त वायरमन. एकतीस वर्षं खांबांवर चढले आणि तेवढीच वर्षं गाऱ्हाणी घातली. त्यांचं गाऱ्हाणं पंचक्रोशीत प्रसिद्ध, कारण त्यात काही सुटत नसे. देवाला मोघम सांगायचं नाही, हा त्यांचा हट्ट. आमच्यातला एकजण मुंबईला वीस मजली बिल्डिंगीत नोकरीला लागला, तेव्हा लिफ्ट मध्येच बंद पडू नये हेसुद्धा तात्यांनी देवाच्या कानावर घातलं होतं. आम्ही हसू दाबत व्हय म्हाराजा म्हटलं.

चंदन निघाला त्या दिवशीचं गाऱ्हाणं प्राजक्ताने मोबाइलवर रेकॉर्ड करून त्याला पाठवलं होतं. त्यातले सुरुवातीचे चाळीस सेकंद तिने गाण्यात घेतले. त्यापुढे चंदनला न्यायला आलेल्या जीपचा ड्रायव्हर हॉर्न मारायला लागतो, आणि त्यापुढचं ऐकायचा तिला धीर झाला नव्हता. पण त्या चाळीस सेकंदांतही वारा इतका शिरला होता की शब्द कळेनात. म्हणून मीच म्हटलं, की तात्यांना बोलवू, तेच शब्द चांगल्या माइकवर पुन्हा म्हणून घेऊ. चंदनच्या बातमीपासून तात्यांनी गाऱ्हाणं घालणं सोडलेलं होतं. गळा गेला, डॉक्टरने बोलू नको सांगितलंय, असं ते सांगत. दोन जत्रा झाल्या, त्यांचा पुतण्या कागद बघून अडखळत म्हणतो. चाळीस सेकंदांपुरता गळा चालेल, असा माझा हिशेब.

आणि आता तात्या म्हणत होते, सगळं ऐकव.

प्राजक्ता त्यांना समजावू लागली, की आपल्याला सुरुवातच हवी आहे, पुढचं कशाला. तात्या ऐकत होते, पण मान हलत नव्हती. त्यांच्या उजव्या हाताची बोटं शर्टाच्या शिवणीवरून सारखी वर-खाली फिरत होती. काहीतरी गडबड आहे हे मला कळलं. चहा घेऊया म्हणून मी त्यांना मागच्या बाजूला घेऊन आलो.

चहा त्यांनी हातात धरून ठेवला.

"माझो गळो बरो आसा," ते म्हणाले. "गळ्याक कायएक झालेला नाय."

मी माझा कप खाली ठेवला.

"त्या दिवशी मी पाण्याचा घातलंय, वाऱ्याचा घातलंय. मशिनीचा, आगीचा, परमुलखातल्या माणसांचा. ता सगळा माका आठावता. आबाळाचा घातलंय काय नाय, ता आठवना नाय."

मग त्यांनी हळूहळू सांगितलं. बातमी आली तेव्हा सगळा गाव सुभद्रावहिनींच्या, म्हणजे चंदनच्या आईच्या, ओटीवर जमला होता. तात्याही होते. टीव्हीवरची बाई म्हणाली, हल्ला आकाशातून झाला. तात्यांनी मनात गाऱ्हाणं सुरुवातीपासून म्हणायला घेतलं आणि त्या जागेवर येऊन अडकले. तेव्हापासून रोज म्हणतात आणि रोज तिथेच अडकतात. बोटीवर जाणाऱ्यासाठी आयुष्यभर पाण्याची काळजी केली, वरून काही पडेल हे त्या दिवशी सुचलं की नाही?

"खांबार चडतांना चार कामा आसतत, दत्तू. तीन केलास आनी एक रवला, तर माणूस रवना नाय. माका ह्या सांगूक व्हया कोणी?"

मी विचारलं, की प्राजक्ताकडे रेकॉर्डिंग आहे हे ठाऊक होतं, मग दीड वर्ष का थांबलात?

"आनी नसला तर? मगे त्या घरासमोरसून मी जातलंय कसो?"

मी आठवायचा प्रयत्न केला. त्या दिवशी मीही देवळात होतो, खांबाला टेकून. प्रत्येक वेळी इतरांच्या बरोबरीने व्हय म्हाराजा म्हटलं होतं. मला आठवलं ते एवढंच, की खिशातला फोन थरथरत होता आणि जत्रेच्या जाहिरातीचं गिऱ्हाईक हातचं जाईल अशी मला घाई होती. तीस माणसं तरी होती तिथे. तिसांनी हो म्हटलं, पण कशाला हो म्हटलं ते तात्यांना सांगू शकेल असा एकही नव्हता. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती लपवायला मी उगाच कप विसळत बसलो.

आत येताना मी मनाशी ठरवलं. आधी आपण एकट्याने हेडफोनवर ऐकायचं. शब्द असला तर प्रश्नच नाही. नसला, तर फाईल हॉर्नपाशी तोडायची आणि सांगायचं, की मोबाइल इथे बंद पडला. माझ्या धंद्यात हे दोन मिनिटांचं काम. मी हेडफोन कानाला लावले, फाईल उघडली, आणि तात्यांचा हात माझ्या मनगटावर आला. चांगला खरखरीत, जड हात.

"सगळी मिळान आयकूया," ते म्हणाले.

मग ते प्राजक्ताकडे वळले आणि मला सांगितलं तेच त्यांनी तिला दोन वाक्यांत सांगितलं. सारवासारव नाही, प्रस्तावना नाही. अजय काड्या हातात घेऊन बाहेर आला होता, तो तसाच जमिनीवर बसला. प्राजक्ताचा चेहरा असा आवळला गेला, की मला वाटलं ही आता त्यांना निघून जायला सांगणार. दीड वर्ष ती कंपनीवर चिडली होती, टीव्हीवर चिडली होती, नकाशांवर चिडली होती. आता समोर एक गावातलाच माणूस स्वतःहून उभा होता.

"आनी नसला तर, तात्यानू?" तिने विचारलं.

"तर तू बोलशीत ता आयकतलंय."

ती भिंतीला पाठ लावून, हाताची घडी घालून उभी राहिली. मला म्हणाली, "लाव."

मी लावलं.

आधी नुसता वारा. घंटा. कुणीतरी खोकलं. मग तात्यांचा आवाज, भरलेला, सावकाश. देवाचं नाव, गावाचं नाव, चंदनचं नाव, त्याच्या वडलांचं नाव. व्हय म्हाराजा. हे चाळीस सेकंद आम्ही शंभर वेळा ऐकले होते. मग हॉर्न वाजला आणि प्राजक्ताने डोळे मिटले. त्यानंतरचं आम्हा तिघांनाही नवीन होतं. पाणी. वारा. मशीन. प्रत्येक व्हय म्हाराजात एक आवाज इतरांपेक्षा जवळून येत होता, जरा घोगरा, जरा घाईतला. चंदन बहिणीच्या शेजारीच उभा होता, मोबाइलपासून हातभर अंतरावर. हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. अजयने हातातल्या काड्या खाली ठेवल्या.

आग. परमुलखातली माणसं. मग पुन्हा हॉर्न, लांबलचक, आणि हॉर्नच्या खाली तात्या काहीतरी बोलत होते ते कळेना. तात्या पुढे वाकले. माझं बोट बंद करायच्या बटणावर होतं, आणि खोटं कशाला बोलू, ते दाबून टाकावं असं मला वाटलं.

हॉर्न थांबला.

"आनी वरसून, आबाळातसून जा काय येतला, ता त्येच्यार पडाक दिव नको, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. चंदनही म्हणाला.

प्राजक्ता भिंतीवरून घसरत खाली बसली. ती रडत होती आणि हसतही होती. "तात्यानू, म्हटलास. तुमी म्हटलास," एवढंच पुन्हा पुन्हा बोलत होती. मला तर कुणीतरी पाठीवरचं पोतं उतरवल्यासारखं झालं. मी तात्यांच्या खांद्यावर थाप मारली. त्यांनी मला ते परत लावायला सांगितलं. लावलं. आणखी एकदा. लावलं. तिसऱ्यांदा ऐकून झालं तेव्हा मी हसत त्यांच्याकडे पाहिलं आणि माझं हसू तिथल्या तिथे विरलं.

"मगे?" तात्या म्हणाले.

मी बटणावरचं बोट काढून घेतलं.

"माझी चूक, म्हणान दीड वर्स काढलंय रे. माझी चूक आसती तर बरी होती."

मला वाटलं होतं, हा माणूस सुटेल. आमच्या तिघांच्याही डोक्यात तेच होतं, शब्द सापडला की तात्या मोकळे, चहा पिऊन घरी. पण एवढे दिवस त्यांनी तो दोष आपल्या अंगावर घेतला होता, कारण तो त्यांच्याकडे असेपर्यंत दुसऱ्या कुणावर ठेवायची वेळ येत नव्हती. सांगायचं राहिलं म्हणून देवाने केलं नाही, इतका सरळ व्यवहार होता. आता सांगितलं होतं, स्वच्छ, न विसरता, तीस माणसांच्या साक्षीने. मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही.

ते उठले आणि माइक कुठला, असं विचारलं. प्राजक्ता डोळे पुसत उभी राहिली. आता काही नको, मोबाइलवरचंच घेऊ, वाऱ्यासकट घेऊ, तुम्ही घरी जा, असं ती म्हणाली. ती हे मनापासून म्हणत होती.

"तुझ्या गाण्याक नको तर रवान दे," तात्या म्हणाले. "माका म्हणाचा आसा."

ते काचेपलीकडे गेले. हेडफोन नको म्हणाले. शर्टाचं वरचं बटण लावलं, हात जोडले. समोर माइक आणि फोमची भिंत. मी रेकॉर्डिंग सुरू केलं. विचारून नाही, हाताला सवय आहे म्हणून झालं ते. आमचा आवाज त्यांना आतल्या स्पीकरवर ऐकू जावा यासाठी एक बटण असतं, ते दाबून धरलं.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा," तात्यांनी सुरुवात केली. गळा खरंच बरा होता. गोदामाच्या भिंती भरून गेल्या. "सुभद्रेचो झील चंदन तुझ्या पायाकडसून बोटीर गेललो, म्हाराजा."

प्राजक्ता हळूच म्हणाली, "व्हय म्हाराजा."

"त्येच्यासाठी मी तुका पाण्याचा सांगललंय, म्हाराजा."

आता मी आणि अजयही होतो. "व्हय म्हाराजा."

"वाऱ्याचा सांगललंय. मशिनीचा सांगललंय. आगीचा सांगललंय, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"परमुलखातल्या माणसांचा सांगललंय, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आबाळाचा सांगललंय. इसराक नाय, म्हाराजा."

प्राजक्ताने यावरचा होकार इतक्या मोठ्याने दिला की काच थरथरली. तो तिचा गाण्यातला आवाज नव्हता. घरचा होता. "व्हय म्हाराजा."

तात्या थांबले. त्यांनी जोडलेले हात थोडे वर उचलले. राग नव्हता आवाजात, मी नीट ऐकलं आहे, कितीतरी वेळा ऐकलं आहे. लाईन बंद केली ना रे, असं वायरमन खालच्या माणसाला विचारतो, तसं त्यांनी विचारलं.

"ता सगळा तू आयकललंस मा, म्हाराजा?"

आणि सवयीने ते थांबले. आम्ही म्हणायची वेळ होती. माझं बोट बटणावर होतं, शब्द तोंडात तयार होता, लहानपणापासून कुणीही, कुठल्याही गाऱ्हाण्यात थांबलं की आपोआप निघणारा. तो निघेना. देवाच्या वतीने आम्ही कोण हो म्हणणार? अजय जमिनीकडे बघत होता. प्राजक्ताने तोंडावर हात घट्ट दाबून धरला होता. काचेपलीकडे तात्या मान किंचित तिरकी करून, ऐकत, उभे होते.

मग त्यांनी नमस्कार केला, बाहेर आले, आणि कट्टा गावाकडे जाणारी पुढची एसटी किती वाजता आहे ते मला विचारलं. मी सोडतो म्हटलं तर नको म्हणाले. चपला घालताना भिंतीला हात लावला, तेवढंच त्या दिवशी त्यांचं वय दिसलं.

गाणं आता लोकांच्या मोबाइलवर गेलं आहे. शेवटी प्राजक्ताचं सर्वांत मोठं ओरडणं यायचं होतं, महिनाभर तिने त्याची तयारी केली होती. ते तिने काढून टाकायला लावलं. तिथे तात्यांचा प्रश्न आहे आणि त्यानंतरचे एकोणीस सेकंद, जसे होते तसे. मधूनमधून मला फोन येतात, की शेवटी आवाजच येत नाही, फाईल बिघडली आहे का जरा बघा. मी सांगतो, फाईल चांगली आहे, तिथे एक माणूस थांबलेला आहे.